शिवस्मारकाची कोनशिला बसवणारा युवराज आणि त्याची ३२६ दिवसांची गादी

भांबुर्डेकर | शनिवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं वर्षभर मनात होतं, आज बसलोच.

आमचे आजोबा सांगायचे की ते सहा-सात वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांनी त्यांना खांद्यावर बसवून भांबुर्ड्याला नेलं होतं, "विलायतेचा युवराज" बघायला. भांबुर्डा म्हणजे आजचं शिवाजीनगर. तारीख १९ नोव्हेंबर १९२१. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पुढाकार घेऊन अखिल भारतीय शिवस्मारकाची कोनशिला ब्रिटनच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हातून बसवून घेतली, त्याच जागी आज आपला तो अश्वारूढ पुतळा उभा आहे. आजोबांना आठवायचं ते एवढंच की लांबून एक गोरा, बारीक अंगाचा मुलगा दिसला आणि वडील म्हणाले की हा पुढे आपला बादशहा होणार.

तो बादशहा झाला, पण ३२६ दिवसांपुरता. आठवा एडवर्ड. २० जानेवारी १९३६ ला वडील पाचवे जॉर्ज गेले आणि हा गादीवर आला, ११ डिसेंबर १९३६ ला गादी सोडून त्याच रात्री देश सोडून गेला. राज्याभिषेक १२ मे १९३७ ला ठरला होता, तो त्याच तारखेला झाला पण धाकट्या भावाचा.

ही गोष्ट आपल्याकडे "प्रेमासाठी सिंहासन सोडलं" या एका ओळीत संपते आणि माझं दुखणं तिथेच आहे. तो ४२ व्या वर्षी गेला आणि ७७ व्या वर्षी वारला, मधली पस्तीस वर्षं कुणी बघतच नाही. राजा होता ते दिवस एका वर्षात मावतात, खरं आयुष्य विजनवासातच गेलं की. आणि ती पस्तीस वर्षं वाचताना मला सारखं वाटतं की याने गादी सोडली ती मनातून कधी सोडलीच नाही, नुसता त्या घरातून उठून बाहेर पायरीवर जाऊन बसला.

एक प्रसंग सांगतो मग तुम्ही बोला. सँड्रिंगहॅमच्या वाड्यातली सगळी घड्याळं अर्धा तास पुढे असायची, त्याचे आजोबा सातव्या एडवर्डच्या काळापासून, शिकारीला उजेड जास्त मिळावा म्हणून. वडिलांनी ती पद्धत तशीच ठेवलेली. ज्या रात्री वडिलांनी प्राण सोडला त्याच रात्री याने हुकूम दिला की सगळी घड्याळं मागे घ्या. घरात प्रेत आहे, आई बसलेली आहे आणि घड्याळजी खोल्याखोल्यांतून काटे फिरवतोय. मला त्यात त्याचा वडिलांवरचा सगळा राग दिसतो.

---

अनघा_पेठेतली | रात्री ११.०५

सुंदर धागा. मला वाटायचं की काळा घोडा आणि केईएम आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम हे सगळं याच्याच नावाने आहे, तसं आहे का?

---

फोर्टवाला | रात्री ११.२२

नाही अनघाताई, हा घोळ खूप जणांचा होतो. काळ्या घोड्यावर बसलेला होता तो सातवा एडवर्ड, म्हणजे याचा आजोबा, तेव्हा तो प्रिन्स ऑफ वेल्स होता. १९६५ ला पुतळा तिथून काढला, आता राणीच्या बागेत आहे. केईएममधला एडवर्ड पण तोच आजोबा. म्युझियमच्या नावातला प्रिन्स ऑफ वेल्स म्हणजे याचे वडील, त्यांनी १९०५ ला पायाभरणी केली होती, म्हणून ते नाव, आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. या आठव्याच्या नावाने मुंबईत मोठं काही उभं राहायला वेळच मिळाला नाही.

आणि मुंबईत त्याचं स्वागत कसं झालं तेही लिहायला हवं. १७ नोव्हेंबर १९२१ ला तो रिनाउन जहाजातून उतरला, काँग्रेसचा बहिष्कार होता, त्याच दिवशी परळला गांधीजींच्या समोर विलायती कपड्यांची होळी झाली. मग जे स्वागताला गेले होते, पारशी, ख्रिश्चन, त्यांच्यावर लोक तुटून पडले आणि दंगल तीन-चार दिवस चालली, पन्नासहून जास्त माणसं मेली. गांधीजी मुंबईतच होते, त्यांनी शांतता होईपर्यंत उपास धरला. म्हणजे मुंबई धुमसत होती त्याच आठवड्यात हा पुण्यात कोनशिला बसवत होता. पुढे डिसेंबरात अलाहाबादला गेला तर रस्ते ओस. नेहरू पितापुत्र तेव्हा तुरुंगात. मार्च १९२२ मध्ये कराचीहून परत गेला.

---

वारणेकाठचा | रविवार, सकाळी ७.५०

यावर थोडं सांगतो, कारण या जागी शाहू महाराजांना नावं ठेवणारे नेहमी येतात. देश बहिष्कार घालतोय आणि हे युवराजाला बोलावतात, असं म्हणतात. पण महाराजांच्या बाजूने बघा. बहुजन समाजाची शाळा, नोकरी, मानाची जागा यासाठी त्यांची लढाई घरातच चालू होती आणि त्यात त्यांना इंग्रज सरकारचा आधार लागत होता हे त्यांनी लपवलं नाही. आणि शिवछत्रपतींच्या स्मारकाला साम्राज्याच्या वारसाने येऊन हात लावावा यात त्यांना महाराजांचा मान दिसला. मला तो पटतो. न पटणाऱ्याचंही मी ऐकून घेईन, मुंबईत माणसं मेली होती, तो राग खोटा नव्हता.

शाहू महाराज पुढे सहा महिन्यांत, ६ मे १९२२ ला गेले. वय ४७. पुतळा बघायला राहिले नाहीत. तो पूर्ण झाला त्यांचे चिरंजीव राजाराम महाराजांच्या काळात, करमरकरांनी घडवला, अलिबागजवळच्या सासवण्याचे नानासाहेब करमरकर, आणि १६ जून १९२८ ला गव्हर्नर लेस्ली विल्सनच्या हातून अनावरण. सासवण्याला त्यांच्या घरी शिल्पं बघायला मिळतात, कुणी गेलं नसेल तर नक्की जा.

---

रेवा_के | सकाळी ९.१५

प्रेमकथेचं पण सांगा ना कुणीतरी नीट. सिरीज बघून अर्धवट कळतं. राजाला लग्न करायला कायद्याने बंदी होती का?

---

भांबुर्डेकर | सकाळी ९.५८

रेवा, तसा थेट कायदा नव्हता. वॉलिस सिम्पसन अमेरिकन, मूळची बाल्टिमोरकडची. पहिला नवरा नौदलातला वैमानिक, त्याच्याशी १९२७ ला घटस्फोट, दुसरा अर्नेस्ट सिम्पसन. हिची आणि युवराजाची ओळख १९३१ ची. अडचण दोन बाजूंनी होती. एक म्हणजे राजा हा इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख आणि चर्चला घटस्फोटितेचं दुसरं लग्न, तेही आधीचा नवरा हयात असताना, मान्य नाही, आणि इथे तर दोन-दोन हयात. दुसरी म्हणजे पंतप्रधान बाल्डविन यांनी सरळ सांगितलं की मंत्रिमंडळ हे लग्न स्वीकारणार नाही. राजाने मधला मार्ग सुचवला की लग्न होईल पण ती राणी होणार नाही. त्यासाठी कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरे सगळ्या डोमिनियनना, म्हणजे साम्राज्यातल्या स्वतःचं सरकार असलेल्या देशांना, विचारलं आणि पाठिंबा मिळाला नाही. मग उरले तीनच पर्याय, तिला सोड, सरकारचा राजीनामा घेऊन देशाचे दोन तुकडे कर, नाहीतर गादी सोड.

गंमत नाही वाटत, वाईट वाटतं ते याचं, की ब्रिटनच्या सामान्य माणसाला यातलं काहीच माहीत नव्हतं. अमेरिकेत पेपर भरभरून छापत होते आणि लंडनचे संपादक आपसात ठरवून गप्प. २७ ऑक्टोबरला इप्सविचच्या कोर्टात वॉलिसचा घटस्फोट झाला तरी गप्प. ३ डिसेंबरला पेपरात फुटलं आणि आठ दिवसांत राजा गेला. लोकांनी मत बनवायच्या आत निकाल.

१० डिसेंबरला फोर्ट बेल्व्हेडिअरला, म्हणजे त्याच्या राहत्या बंगल्यावर, गादी सोडण्याच्या कागदावर सही केली, साक्षीदार म्हणून तिन्ही भावांच्या सह्या आहेत. दुसऱ्या दिवशी पार्लमेंटचा कायदा झाला. संध्याकाळी विंडसरहून रेडिओवर भाषण, आता राजा म्हणून नाही, प्रिन्स एडवर्ड म्हणून ओळख करून दिली. जिच्यावर प्रेम आहे तिच्या साथीशिवाय हे ओझं पेलवणार नाही असं तो बोलला. मग आईचा आणि भावांचा निरोप घेताना धाकट्या भावासमोर वाकून त्याने मुजरा केला, कारण आता राजा तो होता. आणि मध्यरात्रीनंतर पोर्ट्समथहून फ्युरी नावाच्या युद्धनौकेतून फ्रान्सकडे.

---

डब्लिनकर | सकाळी १०.३०

इथून एक भर. सगळीकडे ११ डिसेंबर म्हणतात पण सगळ्या देशांत एकाच दिवशी राजा बदलला नाही. दक्षिण आफ्रिकेने १० तारीख धरली आणि आयर्लंडने आपला वेगळा कायदा १२ तारखेला केला. म्हणजे एक दिवस असा गेला की लंडनचा राजा सहावा जॉर्ज आणि डब्लिनचा अजून आठवा एडवर्ड. इथल्या सरकारचे प्रमुख डी व्हॅलेरा यांनी ती संधी साधून राज्यघटनेतून राजाचा उल्लेखच काढून घेतला, परराष्ट्र व्यवहारापुरता ठेवला. एका माणसाच्या लग्नामुळे इथलं राजकारण एवढं पुढे सरकलं.

---

नाणेवाला_काका | दुपारी १२.१०

माझ्या आवडीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आठव्या एडवर्डचा ब्रिटिश इंडियाचा रुपया नाही. १९३६ साल कोरंच गेलं त्याच्या बाबतीत. ब्रिटनमध्ये पोस्टाची चार तिकिटं निघाली पण नाणी वापरात आली नाहीत, फक्त नमुने पाडले. त्यातही वाद झाला होता. प्रथा अशी की एका राजाचं तोंड डावीकडे असेल तर पुढच्याचं उजवीकडे. याने हट्ट धरला की माझी डावी बाजूच दाखवा, भांग त्या बाजूला आहे. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या वसाहतींत मधे भोक असलेली नाणी होती, त्यावर चेहरा लागतच नाही, ती मात्र त्याच्या नावाने निघाली.

आणि आपल्याकडे? कच्छ! भुजचे महाराव खेंगारजी आपल्या कोरीवर, म्हणजे कच्छच्या नाण्यावर, एका बाजूला फारसी लिपीत बादशहाचं नाव घालायचे, दुसऱ्या बाजूला देवनागरीत स्वतःचं आणि विक्रम संवत. त्यांच्या टांकसाळीने १९३६ ला एडवर्डच्या नावाची नाणी पाडली. माझ्याकडे पाच कोरीचं आहे, चांदीचं, जड. हातात घेतलं की नेहमी वाटतं, ज्या माणसाच्या स्वतःच्या देशात त्याचं नाणं चाललं नाही त्याचं नाव भुजच्या बाजारात कापडाच्या गल्ल्यात पडत होतं. भिंगाखाली धरलं की फारसीतली अक्षरं आणि १९३६ स्पष्ट दिसतं. फोटो संध्याकाळी टाकतो, उजेडात काढावा लागेल.

---

अनघा_पेठेतली | दुपारी १२.४०

काका, फोटो नक्की टाका. भुजचं ऐकून अंगावर काटा आला.

---

स्पष्टवक्ता_सांगली | दुपारी २.०५

सगळे हळवे झालेत म्हणून थोडं कडू लिहितो, रागवू नका. हा माणूस चांगला राजा झाला नसता. सरकारी कागदपत्रं त्याच्या बंगल्यावर जायची ती न वाचता पडून राहायची, परत यायची तेव्हा त्यावर ग्लासांचे डाग. नोव्हेंबर ३६ ला साउथ वेल्समध्ये डाउलेसला गेला, तिथला पोलाद कारखाना बंद पडलेला, हजारो बेकार कामगार समोर उभे, आणि हा म्हणाला की यांच्यासाठी काहीतरी केलंच पाहिजे. लोकांनी ते वाक्य डोक्यावर घेतलं. पण तारखा बघा. बाल्डविनला त्याने १६ तारखेला सांगितलं होतं की लग्न करणारच, नाहीतर गादी सोडतो. वेल्सला गेला १८-१९ ला. म्हणजे आपण बहुतेक जाणार हे माहीत असताना त्या उपाशी माणसांना आशा लावली. तीन आठवड्यांनी हा गेला, ती माणसं तिथेच.

आणि ऑक्टोबर १९३७ ला जर्मनीत हिटलरला भेटायला गेला त्याचं काय? नाझींचा पाहुणा होऊन कारखाने बघत फिरला, हात वर करून सलामी दिली. १९४० ला फ्रान्स पडल्यावर स्पेन, मग लिस्बन, तिथे जर्मन हेर याला वळवता येतं का किंवा पळवता येतं का याच्या मागे होते. तो त्यांना जाऊन मिळाला नाही हे खरं, पण शत्रूला याच्याबद्दल आशा वाटत होती हेच मला पुरेसं आहे. चर्चिलने बहामाजचा गव्हर्नर करून ऑगस्ट १९४० ला लांब पाठवला ते बरोबरच केलं.

---

वारणेकाठचा | दुपारी २.३५

स्पष्टवक्ता, +१. डाउलेसच्या तारखा मी अशा शेजारी ठेवून कधी बघितल्या नव्हत्या.

---

फोर्टवाला | दुपारी ३.२०

यात हिंदुस्थानचा एक धागा आहे तो जोडतो. १९२१-२२ च्या त्या दौऱ्यातच युवराजाची मेजर मेटकाफशी दोस्ती झाली, 'फ्रूटी' मेटकाफ, आपल्याकडच्या स्किनर्स हॉर्स रिसाल्यातला घोडेस्वार अधिकारी. पुढे त्याचं लग्न झालं ते लॉर्ड कर्झनच्या मुलीशी. राजाने गादी सोडल्यावर सगळे पांगले. त्याच दौऱ्यात बरोबर फिरलेले लुई माउंटबॅटन, जे नंतर आपले शेवटचे व्हाइसरॉय, तेही १९३७ च्या लग्नाला गेले नाहीत. फ्रान्समध्ये 'कांदे' नावाच्या वाड्यात लग्न झालं, ३ जून, म्हणजे मेलेल्या वडिलांचा वाढदिवस, घरचं एकही माणूस नाही. तेव्हा करवला म्हणून उभा राहिला तो मेटकाफ.

आणि १९४० ला जर्मन पुढे सरकायला लागले तेव्हा मेटकाफ पॅरिसमध्ये बिनपगारी त्याची कामं बघत होता. एका सकाळी फोन केला तर कळलं की साहेब गाडी घेऊन निघून गेले. निरोप नाही, चिठ्ठी नाही. त्याला आपली वाट आपण शोधून इंग्लंडला परतावं लागलं. वीस वर्षांची दोस्ती! वॉलिससाठी गादी सोडणारा माणूस मित्रासाठी पाच मिनिटं थांबला नाही हे मला अजून पचत नाही.

---

रेवा_के | दुपारी ४.००

बापरे. हे माहीतच नव्हतं.

---

माईची_लेक | संध्याकाळी ५.४५

मी इतिहासातली नाही पण एक लिहावंसं वाटतंय. भांबुर्डेकरांनी पायरीवर बसण्याचं लिहिलं ते वाचून आमच्या आत्याची आठवण आली. तिने ७८ साली जातीबाहेर लग्न केलं, पुढे घरच्यांनी बोलणं सुरू केलं, येणं-जाणं झालं, पण घरातल्या लग्नाच्या पत्रिकेत तिच्या यजमानांचं नाव कधी छापलं नाही. नुसतं तिचं, तेही माहेरच्या आडनावाने. प्रत्येक पत्रिका आली की ती आधी खालची नावं वाचायची. काका म्हणायचे जाऊ दे गं, नावात काय आहे. ती म्हणायची, मग छापत का नाहीत? तिचं शेवटपर्यंत तेवढंच होतं.

या राजाचं काय होतं? बायकोला घरच्यांनी मान दिला का कधी?

---

भांबुर्डेकर | संध्याकाळी ७.३०

माईची_लेक, तुम्ही बरोबर तिथेच बोट ठेवलंत, आणि आत्याबद्दल वाचून गलबललं.

लग्नाच्या आठवडाभर आधी, मे १९३७ च्या शेवटी, भावाच्या सहीने फर्मान निघालं. याला ड्यूक ऑफ विंडसर आणि 'हिज रॉयल हायनेस' ही पदवी राहील पण ती बायकोला किंवा मुलांना लागू नाही. म्हणजे ती डचेस, पण 'हर रॉयल हायनेस' नाही. समोर आल्यावर कुणी गुडघा वाकवून मान द्यायची गरज नाही. याला ते इतकं लागलं की पुढची पस्तीस वर्षं तो तेवढंच मागत राहिला. चर्चिलला पत्रं, भावाला फोन, शेवटी भावाने त्याचे फोन घेणंही कमी केलं. स्वतःच्या घरात नोकरांकडून मात्र तिला 'रॉयल हायनेस'च म्हणवून घ्यायचा.

स्पष्टवक्ता, तुमचं मला बरंचसं मान्य आहे, डाउलेसचं तर पूर्ण. मी त्याला धुवून काढत नाहीये. त्याने मागितलेली गोष्ट त्याला मिळाली, कुणी फसवलं नाही. सँड्रिंगहॅम आणि बाल्मोरल त्याच्या खासगी मालकीची होती, ती भावाने पैसे मोजून विकत घेतली, वरून दरसाल नेमणूक. आणि तरी माणूस असा की पदवीसाठी झुरत राहिला. गादी गेल्याचं नाही, बायकोचं नाव पत्रिकेत नाही याचं. माईची_लेक यांच्या आत्याचं दुखणं खरं होतं कारण तिने कुणाचं काही घेतलं नव्हतं, याच्या बाबतीत मी अजून ठरवू शकलो नाही की कीव करावी का राग. दोन्ही येतं.

बहामाजमध्ये १९४५ पर्यंत गव्हर्नर, त्यानंतर कुठलंच काम नाही. पॅरिसच्या बुआ द बुलोनमध्ये नगरपालिकेने नाममात्र भाड्याने दिलेला बंगला, पग जातीची कुत्री, बाग, पार्ट्या. १९५२ ला भावाच्या अंत्ययात्रेला एकटा गेला, तिला बोलावणं नाही. पुढच्या वर्षी पुतणीच्या राज्याभिषेकाला त्यालाही नाही. दोघांना मिळून घरच्या सरकारी कार्यक्रमाला पहिलं बोलावणं आलं १९६७ ला, आईच्या, क्वीन मेरीच्या स्मृतिफलकाच्या अनावरणाला. तीस वर्षांनी.

---

नाणेवाला_काका | रात्री ८.१५

फोटो टाकलाय वर. डावीकडचं पाच कोरी. कड थोडी घासली आहे पण नाव शाबूत आहे.

---

अनघा_पेठेतली | रात्री ८.४०

काका किती सुंदर! भांबुर्डेकर, शेवट सांगून टाका आता, तो कसा गेला?

---

भांबुर्डेकर | रात्री ९.५०

घशाचा कॅन्सर. आयुष्यभर सिगरेट. मे १९७२ मध्ये पुतणी, म्हणजे राणी एलिझाबेथ, फ्रान्सच्या दौऱ्यावर होती, ती १८ तारखेला त्याच्या घरी आली. हा पूर्ण अंथरुणाला खिळलेला, हाताला सलाइन. डॉक्टर नको नको म्हणत असताना त्याने कपडे चढवायला लावले, सलाइनची नळी शर्टाच्या आतून मागे नेऊन पडद्याआड लपवली आणि खुर्चीत बसून राहिला. राणी खोलीत आली तसा तो उठून उभा राहिला आणि मान झुकवली. डॉक्टरचा जीव वर-खाली, नळी निसटली तर! तिने त्याला बसायला सांगितलं, पंधरा-एक मिनिटं बोलली, गेली. दहा दिवसांनी, २८ मे ला तो गेला.

विंडसरजवळ फ्रॉगमोरला पुरला, राजघराण्याच्या दफनभूमीत. वॉलिस त्याच्यामागे चौदा वर्षं जगली, त्याच पॅरिसच्या घरात, शेवटी तर बोलणंही बंद झालं होतं. २४ एप्रिल १९८६ ला गेली, तिलाही आणून त्याच्या शेजारीच पुरलं. तेवढं घरच्यांनी कबूल केलं होतं आणि पाळलं. त्याच्या दगडावर पदव्या आहेत, राजा होता त्या तारखा आहेत. तिच्या दगडावर फक्त 'वॉलिस, डचेस ऑफ विंडसर'. ती पदवी तिथेही नाही.

---

माईची_लेक | रात्री १०.२०

वाचलं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आत्याच्या नातवाची मुंज आहे मे मध्ये, पत्रिका अजून छापायला जायची आहे, त्यात आजोबांचं नाव पहिलं घालायला सांगते.